टाकीतला कचरा

गाडी तिसऱ्यांदा थांबली ती येरळा नदीच्या अलीकडे, वसगड्याच्या शिवारात, आणि या खेपेला लालासाहेबांनी खाली उतरण्याचेही कष्ट घेतले नाहीत. नवा रेशमी फेटा सावरत ते पुढच्या सीटवर तसेच बसून राहिले. नजर समोरच्या रस्त्यावर. लांबून कुणी पाहिलं असतं तर गाडी चालली आहे असंच त्याला वाटलं असतं.

"लाला, थांबली रं," मागून बनुबाई म्हणाल्या.

"कळतंय मला, आक्का."

"तू उतरला न्हाईस म्हणून म्हणलं."

बनुबाई दोघा भावांची थोरली बहीण. भाचीच्या, म्हणजे मोठा भाऊ नाथाजी याच्या शालूच्या लग्नाची आज सांगलीला बैठक होती आणि त्यासाठी त्या आठ दिवस आधीच माहेरी येऊन बसल्या होत्या. सकाळी पलूसहून निघताना त्या पूर्णपणे लालासाहेबांच्या बाजूने होत्या. बैलगाडीत हाडं कशी खिळखिळी होतात आणि नाथाजीला नवं काही कसं खपत नाही, हे त्यांनी शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोलाच, चंद्राबाईंना, भिलवडी स्टेशन येईपर्यंत ऐकवलं. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा त्या गप्प झाल्या. दुसऱ्यांदा पडली तेव्हा, "नाथाचं बी तसं चुकत नसतंय," असं म्हणून झालं. आता तिसऱ्यांदा त्या पदराने वारा घेत होत्या आणि थोरल्या भावाची दोन बैलांची दमणी मागून येताना दिसते का ते पाहत होत्या.

सिकंदर मात्र केव्हाच उतरला होता. त्याने इंजिनावरचं झाकण उचललं, पुन्हा त्याच नळ्या सोडल्या, पुन्हा तोंडाने फुंकल्या. पेट्रोल पुढे येत नव्हतं एवढं त्याला कळत होतं, का येत नव्हतं ते कळत नव्हतं. नळी फुंकली की गाडी गुमान मैलभर पळायची आणि मग दमेकऱ्यासारखी खोकून उभी राहायची. काल सातारा ते पलूस एवढ्या वाटेत तिने एकदा हूं केलं नव्हतं. एका रात्रीत हिला झालं काय?

सिकंदर हा इलाही नालबंदाचा मुलगा. इलाहीने उभा जन्म या घराच्या बैलांना नाल मारले. पोराचा हात मात्र लोखंडाकडून इंजिनाकडे वळला. लढाईची चार वर्षं तो बसऱ्याकडे मिलिटरीचे ट्रक चालवून, उघडून, जोडून आला. त्याला पलूसमध्ये रस्त्याकडेला गॅरेज टाकायचं होतं आणि लालासाहेबांना मोटार घ्यायची होती. तेव्हा दोघांचं ठरलं, की सिकंदरने चांगली गाडी निवडून द्यायची आणि लालासाहेबांनी मळ्याच्या कडेची जागा त्याला द्यायची. साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दिसेनासं झालं होतं म्हणून त्यांनी ही गाडी विकायला काढली. सिकंदरने एक काठी इंजिनाला लावली, दुसरं टोक कानाला, आणि तासभर तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "इंजिन सच्चं हाय, मालक. माझा शब्द." हा शब्द लालासाहेबांनी काल पारावर इतक्यांदा सांगितला की साऱ्या पलूसला पाठ झाला. गाडी बिघडली तर लालासाहेबांचा फार तर फेटा उतरला असता. सिकंदरचं तसं नव्हतं. ज्याचा शब्द पहिल्याच गाडीला खोटा ठरला, त्याच्या गॅरेजात कोण पाऊल टाकणार?

घुंगरांचा आवाज आला. नाथाजी आले.

आज नाथाजींइतका सुखी माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला बापाने आपल्या बैलांनी जावं, असं सांगून ते उजाडायच्या आधी एकटेच दमणी जुंपून निघाले होते. मोटारीने त्यांना भिलवडी स्टेशनपाशी भोंगा वाजवत मागे टाकलं. मग त्यांनी मोटारीला मागे टाकलं. मग पुन्हा मोटारीने त्यांना, मग त्यांनी मोटारीला. वाटेत बैलांना पाणी दाखवायला ते थांबले, तेवढ्यात मोटार परत पुढे गेली होती. दर खेपेला त्यांनी हात जोडून रामराम केला होता, आणि हा रामराम लालासाहेबांना भोंग्यापेक्षा मोठ्याने ऐकू आला होता.

या वेळी नाथाजींनी कासरा ओढला आणि बैल थांबवले.

"लाला, बैल सोडू का? गाडी बांधून वढंत नेतो सांगलीपातूर."

"दादा, तुमी फुडं व्हा."

"मी मुलीचा बाप. फुडं जाऊन काय सांगू? आमची माणसं मागं रस्त्यात वारा खात्यात म्हणून?"

मग नाथाजी खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि सिकंदरजवळ येऊन उभे राहिले. बाजारात दात न पाहता बैल घेणाऱ्या माणसाची हकिकत त्यांनी लालासाहेबांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितली. सिकंदरने मान वर केली नाही. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तो इतकंच म्हणाला, की इंजिनात खोट नाही, खोट दुसरीकडे कुठेतरी आहे, थोडा वेळ द्या.

वेळ द्या म्हटल्यावर नाथाजींचं डोकं फिरलं. बैठक बाराची होती.

"किती येळ? आन तुला न्हाई कळलं तर? का ठावं असून बोलंनास? त्या डॉक्टरानं तुझ्या हातावर काय ठेवलं, ते तरी सांग. दलाली खाऊन आमच्या गळ्यात मारलीस न्हवं ही?"

सिकंदरने हातातला पाना खाली ठेवला. बनुबाईंचा वारा घेणारा पदर थांबला. आणि नेमका याच वेळी, सायकलीवरून उतरून, जोतीराम तिथे उभा होता. हा जोतीराम पलूसचाच. त्यानेच हे स्थळ जमवलं होतं आणि बैठकीला मध्यस्थ म्हणून तो सांगलीलाच निघाला होता. दलाली हा शब्द ऐकून त्याने दोनदा मान हलवली, आपण पुढे जाऊन पाहुण्यांना कळवतो म्हणाला आणि सायकलीवर टांग मारून जो सुटला, तो एकदाही मागे न बघता येरळेच्या पात्रात उतरला. जोतीरामच्या पोटात बातमी मैलभरही राहत नसे, आणि सांगली अजून दहा मैल होती.

"आबा," सिकंदर सावकाश म्हणाला, "माझ्या बानं तुमच्या बैलाच्या पायात कवा वाकडा खिळा मारला काय?"

नाथाजी बैलांकडे बघायला लागले. उत्तर लालासाहेबांनी तरी द्यायला हवं होतं. ते समोरच्या काचेकडे बघत राहिले, कारण दलालीची शंका दुसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा त्यांच्याही मनात डोकावून गेली होती.

मागच्या सीटवर चंद्राबाईंना घाम फुटला होता.

त्यांना पहिल्या थांब्यापर्यंत काही वाटलं नव्हतं. दुसऱ्या थांब्याला एक विचार मनात आला आणि त्यांनी तो झटकून टाकला. आता तो झटकला जात नव्हता. काल दुपारी गाडी दारात आली तेव्हा घरची थोरली म्हणून त्यांनीच तिला ओवाळलं. नवा बैल दारात आला की त्याच्या पायावर पाणी, कपाळाला कुंकू आणि तोंडात गूळ. हे त्यांनी लग्न होऊन आल्यापासून दर खेपेला केलं होतं आणि त्यांच्या हातचा गूळ खाऊन दावणीला आलेला एकही बैल आजवर जुंपल्यावर बसकण मारणारा निघाला नव्हता. गाडीच्या चारी चाकांवर पाणी घातलं, पुढच्या काचेवर कुंकू लावलं. मग त्यांनी सिकंदरला विचारलं, ही खाते कुठून? सिकंदर तेव्हा पेट्रोल ओतून टोपण लावत होता. हसत म्हणाला, "हितनं खाती, काकी," आणि हात धुवायला विहिरीवर गेला.

चंद्राबाईंनी टोपण उघडलं आणि गुळाचा एक खडा आत सोडला. तिथेच थांबल्या असत्या तर कदाचित निभावलं असतं. पण घरातून लालासाहेबांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी सांगत होते, की या गाडीत वीस घोड्यांची ताकद आहे. चंद्राबाई कुणाला उपाशी ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. एका घोड्याला गूळ आणि एकोणीस घोडी तशीच उभी, हे त्यांच्या मनाला पटेना. त्या आत गेल्या, ढेप फोडली आणि मोजून आणखी एकोणीस खडे आणून घातले.

आता बोलावं तर आज, शालूच्या बैठकीच्या दिवशी, नवऱ्याची शोभा होणार. शिवाय बनुबाई शेजारीच बसलेल्या. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात वाढायला असायची. आणि न बोलावं तर समोर हा इलाहीचा पोर मान खाली घालून उभा. लहानपणी बापाबरोबर आला की त्यांच्याच चुलीपुढे बसून भाकरी खायचा तो. चंद्राबाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. स्वतःची त्यांना चीड आली.

सिकंदर एकाएकी गाडीच्या मागे गेला. पेट्रोल जिथून निघतं तिथेच बघायचं राहिलं होतं. टाकी रिकामी करायला भांडं हवं म्हणाला. पेट्रोल कुपनावर मिळायचं, एक थेंब सांडून चालणार नव्हतं. भांडं म्हणून गाडीत फक्त पिण्याच्या पाण्याची कळशी होती. बनुबाईंनी ती छातीशी धरली. मग लालासाहेब पहिल्यांदा खाली उतरले, कळशी त्यांच्याकडून घेतली आणि पाणी बैलांना पाजलं. पेट्रोल गाळायला कापड हवं होतं. सगळ्यांनी एकदमच लालासाहेबांच्या फेट्याकडे पाहिलं. त्यांनी तो न बोलता उतरवून दिला.

सिकंदर चाकांच्या मध्ये उताणा झोपला आणि त्याने टाकीच्या बुडाची चकती सोडली. फेट्यातून पेट्रोल कळशीत गळू लागलं. मागोमाग तपकिरी, चिकट काहीतरी ओघळलं. मग खडे आले. काही झिजलेले, काही एकमेकांना चिकटलेले. एक खडा त्याने बोटात धरला, दाबला, नाकाशी नेला.

गाडीखालून त्याला माणसांचे फक्त पाय दिसत होते. नाथाजींच्या वहाणा, लालासाहेबांचे बूट. आणि पलीकडे, आत्ताच खाली उतरलेले, जोडवी घातलेले दोन पाय, जे एका जागी ठरत नव्हते. सिकंदरला काल दुपार आठवली. हितनं खाती, काकी. सांगणारा आपणच.

तो बाहेर आला, खडे फेट्याच्या टोकातून रस्त्याकडेच्या झाडाच्या बुडाशी झटकले आणि म्हणाला, "कचरा हुता टाकीत."

"कचरा?" लालासाहेबांनी विचारलं. "म्हंजे डॉक्टरानं दिली तवापास्नं?"

"आसंल."

"मग तू तासभर काय ऐकत बसला हुतास? टाकी बघितली न्हाईस?"

"न्हाई बघितली. चूक झाली, मालक."

लालासाहेबांचा फेटा उतरलेला, डोकं उन्हात, थोरला भाऊ समोर. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की ज्याला टाकीतला कचरा दिसत नाही त्याने दुसऱ्यांच्या गाड्या उघडू नयेत, मळ्याकडेच्या जागेचं आता विसर. नाथाजी म्हणाले, आपण हेच सांगत होतो. बनुबाई म्हणाल्या, त्याही हेच सांगत होत्या. सिकंदरने एकदा मान हलवली, गाडीखाली जाऊन चकती बसवली, कळशी उचलली आणि पेट्रोल परत टाकीत ओतायला लागला. पेट्रोलची एक धार टाकीबाहेर सांडली तरी त्याला ते कळलं नाही, आणि हे कुणाच्या नाही तरी चंद्राबाईंच्या लक्षात आलं.

त्या झाडाच्या बुडाशी गेल्या. जमिनीवर पडलेल्या खड्यांकडे त्यांनी बघितलं.

"कचरा न्हाई त्यो," त्या म्हणाल्या. "गूळ हाय. आपला."

कुणाला काही कळेना. चंद्राबाईंना इतका वेळ न सापडलेला आवाज आता सापडला होता. कारण त्यांना स्वतःची लाज होती, सिकंदरची कणव होती, पण आपल्या घरच्या गुळाला रस्त्यात उभं राहून चौघं कचरा म्हणतात, हे मात्र त्यांच्याच्याने ऐकवेना.

"म्या घातला. काल ववाळताना. वीस घोडं हायती म्हणलं भावजींनी, म्हणून वीस खडं घातलं. सिकंदरला ठाऊक हाय. माझी लाज राखाया कचरा म्हणाला त्यो."

लालासाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, घोड्यांची ताकद म्हणजे काय हे वहिनींना समजावून सांगावं असं त्यांना वाटलं असावं, आणि ते तसंच उघडं राहिलं. नाथाजी खाली वाकले. खडा उचलला, धोतराला पुसला, फोडून आतला दाणेदार रवा पाहिला. जिभेला लावला आणि लगेच थुंकले. वीस वर्षं त्यांचं गुऱ्हाळ गाजत होतं, आणि आपला गूळ त्यांना पेट्रोलमधूनही ओळखू आला.

"औंदाच्या पयल्या आधणाचा हाय," ते हळूच म्हणाले. "देवापुढं ठेवलेला."

"मग मोटारीला काय शिळा घालू?" चंद्राबाईंनी विचारलं.

बनुबाईंना पहिल्यांदा हसू फुटलं. त्या हसता हसता रस्त्याच्या कडेला बसल्या. मग लालासाहेब हसले. सिकंदरही हसला, पण मान फिरवून. लालासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जागेचं आपण रागात बोललो, तुझी जागा तुलाच, असं सांगून मोकळे झाले. सिकंदर हो म्हणाला. पण जागा मिळाली तरी दलालीचा शब्द कुणी परत घेतला नव्हता, आणि तो जोतीरामच्या सायकलीवर बसून केव्हाच पुढे गेला होता.

नाथाजींनी कासरा हातात घेतला आणि दमणी पुढे काढली. नळ्या धुऊन गाडी सुरू झाली ती थेट सांगलीतच थांबली. वाटेत नांद्र्याजवळ तिने दमणीला मागे टाकलं. या वेळी लालासाहेबांनी भोंगा वाजवू दिला नाही.

बैठक पाहुण्यांच्या माडीवर भरली होती. मुलाचे वडील गुंडाजीराव, त्यांचे भाऊबंद आणि त्यांच्यामध्ये जोतीराम, सगळ्यांच्या आधी पानसुपारी खाऊन बसलेला. बाप आल्याशिवाय बोलणी निघेनात. नाथाजी घामाघूम होऊन पोचले तेव्हा दीड वाजला होता. त्यांना पाणी दिलं गेलं. मग गुंडाजीराव फार आपुलकीने म्हणाले, की उशिराचं मनाला लावून घेऊ नका, आम्हाला जोतीरामनं सगळं सांगितलं. हल्ली विश्वास कुणावर ठेवावा हेच कळत नाही.

"इंजिन सडकं गळ्यात मारून दलाली खाणारा माणूस," ते म्हणाले, "आमी आसतो तर दारात हुबा केला नसता."

सिकंदर दारातच उभा होता. फळांची करंडी वर आणून ठेवायला तो आला होता आणि आता त्याला धड आत येता येईना, धड खाली जाता येईना.

लालासाहेबांनी आढ्याकडे पाहिलं. बैठकीतच कडेला बसलेल्या बनुबाईंनी पाहिलं नाथाजींकडे. आतल्या दाराच्या पडद्याआड बायकांमध्ये बसलेल्या चंद्राबाईंनी डोळे मिटून घेतले. नुसतं हूं म्हटलं की विषय संपत होता. इंजिन वाईट निघालं, ड्रायव्हर वाईट निघाला, चला बोलणी करू. खरं सांगायचं तर मुलीच्या आईने मोटारीला गूळ चारला, हे व्याह्यांच्या माडीवर वीस माणसांत सांगायचं. नाथाजींसारख्या माणसाला त्यापेक्षा वीस मैल अनवाणी चालणं सोपं होतं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"इंजिन चांगलं हाय, गुंडाजीराव. आमच्या सिकंदरनं बघून घेतलंय. त्यानं सांगितलं तसंच निघालं. खोट माझ्या घरात हुती. आमच्या मंडळींनी बैल समजून गाडीला गूळ घातला. आन मी भर रस्त्यात ह्याला चोर म्हणलो. जोतीरामनं तुमाला सांगितलं, त्ये खोटं हाय. बोलणारा मीच हुतो."

जोतीरामने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. आणि मग पडद्याआडून गुंडाजीरावांच्या बायकोचा, शालूच्या होणाऱ्या सासूचा, फार काळजीचा आवाज आला.

"आवं, मग इंजिनाला गूळ घालायचा कुठनं?"

गुंडाजीराव सावकाश मागे वळले. त्यांच्या विहिरीवर दिवाळीत नवं इंजिन बसवलं होतं. पूजा झाली, नारळ फुटला, आणि तेव्हापासून ते इंजिन तीन महिने बंद होतं. कोल्हापूरचा मिस्त्री दोनदा येऊन हात टेकून गेला होता. ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. पडद्याआड कुणीतरी हसू दाबत होतं. ते चंद्राबाईच होत्या.

"सिकंदर," गुंडाजीराव दाराकडे वळून म्हणाले. या वेळचा आवाज वेगळा होता. "जेवण झाल्यावर जरा मळ्यात यशील काय रं? आमचं इंजिन बघायला." मग गड्याला त्यांनी सांगितलं, ह्याचं ताट खाली सोप्यात गड्यांबरोबर वाढा.

"ताट हितं मांडा," नाथाजी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. नाथाजी सिकंदरकडे बघत होते.

"सिकंदर, मी तुला नको त्ये बोललो. तू जेवल्याबिगर मला आज घास गिळायचा न्हाई. ये हिकडं."

सिकंदरने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. धुतले होते तरी नखांत काळं राहिलं होतं. त्याने ते पाठीमागे घेतले आणि म्हणाला, "आबा, हात काळं हायती."

"माझंबी हायती," नाथाजी म्हणाले.

लालासाहेब जरा बाजूला सरकले. सिकंदर त्या दोघांच्या मध्ये येऊन बसला, आणि गड्याने त्याच्यासमोर ताट मांडलं.